माहेरचे सरडे

माझी धाकटी नात तेजश्री हिचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस, महिना मे. हळदीच्या दिवशी मांडवात सगळी होती, फक्त नवरीची थोरली बहीण नव्हती. प्रियदर्शनी माळावर सरडे धरत होती. माझा मुलगा रविंद्र, म्हणजे दोघींचा बाप, बारामतीला विजेच्या कचेरीत नोकरीला आहे. तो मांडवाच्या दारात उभा राहून फोन लावून लावून थकला. शेवटी ती आली ती अंगभर धूळ, गळ्यात दुर्बीण आणि हातात झाकणाला भोकं पाडलेला डबा घेऊन.

“अगं, बहिणीला हळद तरी लाव,” रविंद्र म्हणाला.

“लावते ना. पण बाबा, नर याच दीड महिन्यात पंखा उघडतात. तेजूचं लग्न दिवाळीनंतर धरता आलं नसतं का?”

रविंद्रची मावस सासू मागून बोलली, “धाकटी चालली नांदायला. थोरलीला आता एखादा चांगला सरडाच बघा.”

“बघितलाय मावशी,” प्रियदर्शनी म्हणाली. “तुमच्या मांडवातल्या सगळ्यांपेक्षा रंगानं उजवा आहे.”

सगळे हसले. मी हसले नाही. डब्यातला सरडा मी पाहिला होता.

ज्यांना हा सरडा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अंग बोटभर, शेपूट त्याहून लांब, रंग मातीचा. बसून राहिला तर दगडावर आहे की नाही कळत नाही. उन्हाळ्यात नर दगडावर चढतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग. डोळ्याची पापणी लवेपर्यंत पंखा मिटतो, पुन्हा उघडतो. मादी बघत असते. तिला पंखा नसतो.

प्रियदर्शनी सहा वर्षं पुण्याला राहून या सरड्यांवर प्रबंध लिहीत होती. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भिगवणहून बारामतीकडे जाताना आत वळायचं. गावाच्या वरच्या अंगाला खडकाळ माळ आहे. तिथे माझे मालक गंगाराम यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पुण्याच्या एका सरांसाठी सरडे मोजायचं काम केलं होतं. सर आता हयात नाहीत. आजोबांच्या मागं मागं फिरूनच नातीला ते वेड लागलं.

लग्न उरकल्यावर एक दिवस तिने संगणकावर नकाशा उघडून आम्हाला दाखवला. वर भीमा, खाली नीरा, आणि दोन्ही नद्या नरसिंहपूरला मिळतात तिथपर्यंतचा मधला मुलूख. त्यावर एक्केचाळीस ठिपके होते. एकेक ठिपका म्हणजे एकेक माळ.

“हे सगळे एका कुळातले, आबा,” ती गंगारामांना म्हणाली. “बाभळीवर बसतो तो लाल मानेचा, डोंगराच्या कड्यावरचा, आणि हा पंख्याचा.”

“म्हंजी भावकी.”

“भावकीच.”

“आन पाल?”

“पाल वेगळ्या कुळातली.”

“बरं झालं. तिच्यासंगं सोयरीक नगंच.”

मग ती म्हणाली की पंख्याच्या सरड्यातही प्रकार आहेत. एकच प्रजाती असते, पण एखाद्या भागात बाकीच्यांपासून तुटून राहिली की हळूहळू थोडी वेगळी होते. तिला उपप्रजाती म्हणतात.

गंगारामांनी चष्मा काढला. “छप्पन साली माझ्या बापानं जात सोडली. त्येची नातवंडं शिकली, सायब झाली. आन तू पुण्याला जाऊन सरड्याची पोटजात काढत बसलीस व्हय?”

“आबा, यात वरची खालची नसते.”

“मग ठीक हाय.”

नकाशावर चाळीस ठिपके पिवळे होते. एकच लाल होता, आमचा माळ. बाकी सगळ्या माळांवरच्या नराच्या पंख्यात काळा पट्टा रुंद होता. आमच्या माळावर तो दोऱ्यासारखा बारीक, आणि खालचा नारिंगी जास्त गडद. तिने शेपटीचं टोक कापून तपासायला पाठवलं होतं. नोव्हेंबरात त्याचा अहवाल आला, तेव्हा ती पुण्याहून फोनवर ओरडलीच. रक्तानेही ते वेगळे निघाले होते. शेजारच्या पिवळ्या ठिपक्यांशी त्यांचं जुळत नव्हतं. आमच्या माळावर एक नवी उपप्रजाती आहे असं ती लिहिणार होती, आणि तिला नाव आजोबांचं देणार होती. नावाच्या शेवटी गंगाराम येणार, जगात कुठेही कुणीही ते वाचणार.

गंगारामांनी त्या दिवशी दाढी केली. बुधवार होता आणि ते रविवारीच दाढी करत. मग काठी घेऊन गावात गेले ते दुपारपर्यंत आले नाहीत.

मी पोळ्या लाटत होते. तीन पोळ्या करपल्या.

आता काय झालं होतं ते लिहिते.

सरांनी काम दिलं तेव्हा गंगाराम दर एप्रिल-मे माळावर ठरलेल्या रेघांनी चालायचे आणि पंखा उघडणारे नर मोजायचे. ते आकडा सांगत, मी वहीत लिहीत असे. मी अक्षरं प्रौढांच्या वर्गात शिकले होते, ती तिथे उपयोगाला आली. अठ्ठ्याण्णव साली खडीच्या गाड्या माळावरून जाऊ लागल्या आणि नर निघाले एकोणीस. सर म्हणाले, “गंगाराम, पुढच्या वर्षी वीसच्या आत राहिले तर इथलं काम मला बंद करावं लागेल. मोजायलाच काही नसेल तर काय मोजणार?” गंगारामांना रोजंदारी कुठेही मिळाली असती. पण माळ सुटला असता तर माणूस खचला असता, हे मला दिसत होतं. खडीच्या गाड्यांसमोर ते एकटे जाऊन उभे राहिले होते. त्यांनी गाड्यांना वाट बदलायला लावली होती.

नव्याण्णवच्या मार्चअखेरीस मी माहेरी गेले. माझं माहेर सांगवी, बारामती तालुक्यात, नीरेच्या काठाला. तिथला माळ तेव्हा उसासाठी सपाट करायचं काम चाललं होतं. माझा भाऊ आबाजी आणि मी दगड वेचायला रोजाने जायचो. सकाळच्या गारव्यात दगड उचलला की खाली सरडा सुस्त पडलेला असायचा. मागून मशीन यायचं. पहिल्या दिवशी मी बघत राहिले. दुसऱ्या दिवशी घरून दुधाची किटली नेली.

बकऱ्या कमी झाल्या की बाजारातून आणतात. मला वाटलं सरडेही तसेच. इथे मरतायत, तिथे कमी पडतायत. सात दिवसांत सत्तावीस धरले, अकरा नर आणि सोळा माद्या. किटलीच्या तोंडाला फडकं बांधून एसटीने बारामती, तिथून भिगवणची गाडी. कंडक्टर म्हणाला, “मावशी, किटलीत काय खुडखुडतंय?”

“शेंगा हायत्या.”

“शेंगा फडकं वर उचलायला लागल्या की.”

“मोड आल्यात,” मी म्हणाले. गाडी हसली. मी माळाजवळच्या फाट्यावर उतरले आणि दगडा-दगडाला एकेक सोडत घरी आले. गंगारामांना सांगितलं नाही. त्या उन्हाळ्यात आकडा वीसच्या वर गेला, आणि दोन हजार सालच्या उन्हाळ्यात नर निघाले एक्केचाळीस. सरांनी गावात येऊन गंगारामांना शाल दिली. म्हणाले, “या माणसाने माळ राखला.” ते खरंच होतं. पण आकडा माझा होता.

चोवीस वर्षं मी ते विसरूनही गेले होते. त्या हळदीच्या दिवशी डब्यात बारीक पट्ट्याचा नर पाहिला आणि किटली आठवली. मी तो पट्टा सांगवीत पाहिला होता का? पाहिला असावा. माझी खात्री होत नव्हती. दगड वेचणारी बाई पट्टे बघत नाही.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. मला एका जागी बसवेना. निवडायला घेतलेली ज्वारी तशीच ठेवून मी माळावर जायची, तिथून परत यायची, पुन्हा जायची. थंडीत सरडे दिसतही नाहीत. मी दगडच बघत होते. एकदा मासळी आणायला म्हणून भिगवणला गेले, सबंध बाजार फिरले आणि रिकाम्या पिशवीने घरी आले.

“मासळी कुठाय?” गंगारामांनी विचारलं.

“महाग व्हती.”

“तू भाव करायला गेलीस आन महाग मिळाली? तुला बरं न्हाय.”

फेब्रुवारीच्या अखेरीस प्रियदर्शनीला प्रबंध द्यायचा होता. तिची शिष्यवृत्ती डिसेंबरातच संपली होती. जानेवारीत ती आठ दिवस घरी येऊन ओट्यावर लिहीत बसली. मी आधी गंगारामांना सांगायचं ठरवलं. ते अंगणात तंगुसाचा फास वळत होते. भिगवणचे मच्छीमार वापरतात तो नायलॉनचा दोरा ज्वारीच्या ताटाच्या टोकाला बांधायचा आणि लांबूनच सरड्याच्या मानेत अडकवायचा, अशी त्यांची पद्धत.

मी सगळं सांगितलं. किटली, एसटी, सत्तावीस. त्यांनी गाठ पुरी केली, ओढून बघितली.

“मला ठावं हाय,” ते म्हणाले.

“कसं?”

“त्या माळावरचा दगड ना दगड मला ठावं. येका वर्सात बारीक पट्ट्याचं येवढं नर कुठनं आलं ते कळंना व्हय? हितलं रुंद पट्ट्याचं तर दोन-चार वर्सांत सपलं. तू सांगवीसनं आलीस, किटली घासून पालथी घातलीस. दूध न्हवतं त्यात, वास येगळा व्हता.”

“मग बोलला का न्हाय?”

“काय बोलू? सर शाल घालत व्हतं तवा बोलू?”

मी त्यांच्या हातातला फास बाजूला ठेवला. मग म्हणाले, “पोरीला सांगाया पायजे.”

“नगं.” त्यांचा आवाज चढला. “सा वर्सं उन्हात काढली तिनं. तू सत्तावीस आणलं, आता तीनशे हायती. ते सरडं हितंच जल्मलं. हितलंच झालं. आन माझं नाव…” तिथे ते थांबले.

ते नाव त्यांना हवं होतं. मी त्यांना दोष देत नाही. आमच्या घरात कुणाचं नाव दगडावरही कोरलेलं नव्हतं.

आठवडा तसाच गेला. रोज सकाळी मी ओट्याकडे जायची, ती मान वर करून “काय आजी?” म्हणायची, आणि मी “चहा ठेवू का?” विचारायची. एका दिवसात तिला पाच वेळा चहा पाजला.

ती पुण्याला निघाली तेव्हा मी भिगवणच्या स्टँडवर पोहोचवायला गेले. एसटी आली. तिने एक पाय पायरीवर ठेवला आणि मी बोलले. उभ्याउभ्याच, दहा-बारा वाक्यांत.

“चढताय का उतरताय?” कंडक्टर ओरडला.

ती चढली. खिडकीतून माझ्याकडे बघितलंही नाही. गाडी गेली.

पाच दिवस फोन नाही. रविंद्रने विचारलं, “आई, ताईशी भांडलीस काय?” थोरल्या मुलीला तो ताईच म्हणतो. मी म्हणाले, भांडले नाही. सहाव्या दिवशी ती न सांगता आली. बॅग खाली ठेवली नाही, तशीच उभी राहून विचारायला लागली.

“सत्तावीसातले नर किती?”

“अकरा.”

“महिना?”

“मार्च. गुढीपाडवा नुकता झाला व्हता.”

“पट्टा बारीक होता का?”

“बाळ, मला न्हाय सांगता येत.”

ती खाली बसली. चेहरा ओढलेला होता. “मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, आजीच्या आठवणीवर प्रबंध मोडता येत नाही आणि आजीची आठवण झाकून प्रबंध देताही येत नाही. बघावं लागेल. सांगवीत एक जरी सरडा उरला असेल आणि तो आपल्या माळासारखा निघाला, तर माझी उपप्रजाती संपली. तो नुसता तुझ्या किटलीतून आलेला नीरेकाठचा सरडा. सहा वर्षं गेली.”

“आन न्हाय घावला तर?” गंगारामांनी दारातून विचारलं.

“तर काहीच कळणार नाही. मग आहे तसा देईन.”

गंगाराम आत निघून गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी तुटक बोलू लागले. जेवण वाढ, पाणी दे, एवढंच. प्रियदर्शनीने मुदत वाढवून घेतली. नर पंखा उघडतात त्या एप्रिलपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. ते तीन महिने कसे काढले ते मलाच माहीत. प्रियदर्शनी बारामतीत तासावर शिकवायला लागली. येता-जाता घरी डोकवायची, माझ्याशी सरळ बोलायची, पण चहा नको म्हणायची.

दोन हजार चोवीसच्या एप्रिलात आम्ही सांगवीला गेलो. मी वाट दाखवायला, ती बघायला. गंगारामांना कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी बघते तर फास घेऊन गाडीत बसलेले.

“तुमी कशाला?”

“तुमाला धरता येतंय व्हय?”

माळाच्या जागी ऊस होता. बांधापासून बांधापर्यंत ऊस, मध्ये पाट. प्रियदर्शनी तीन दिवस प्रत्येक बांध, प्रत्येक विहिरीचा काठ, रस्त्याकडेचा खडीचा ढीग बघत हिंडली. बाभळीवर लाल मानेचे सरडे होते, पंख्याचा एकही नाही. ओल त्याला मानवत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, “उद्या दुपारपर्यंत. मग संपलं.” तिचा आवाज हलका झाला होता. मलाही, खोटं कशाला लिहू, हलकं वाटलं.

पण डोकं शांत राहत नव्हतं. पाणी कुठे गेलं नाही, नांगर कुठे गेला नाही, हे मी आठवत राहिले. सकाळी उठताच म्हणाले, “आमच्या लोकांचा मसणवटा राहिला.”

गावाच्या टोकाला एकरभर खडकाळ जागा. तिथे आमची माणसं पुरत आली. माझी आई तिथे आहे, बाप आहे, आबाजीही दोन वर्षांपूर्वी तिथेच गेला. चहूकडे ऊस आणि मध्ये तेवढीच कोरडी. प्रत्येकाच्या उशाला एकेक दगड. त्या जागेवर कधी कुणी मशीन घातलं नव्हतं.

आम्ही नऊ वाजता पोचलो. प्रियदर्शनी दुर्बीण घेऊन रांगेरांगेने फिरली. मी आईच्या दगडाजवळ उभी राहिले. गंगाराम लिंबाखाली बसले, फासाचं ताट आडवं मांडीवर. दहा वाजले, अकरा वाजले. ऊन डोक्यावर आलं. ती घाम पुसत परत आली. “नाही. आबा, चला.”

गंगाराम उठले नाहीत.

“चला ना.”

“तिकडच्या रांगंत,” ते म्हणाले, “चौथा दगूड.”

ती वळली. दुर्बीण लावली. मला काही दिसत नव्हतं, दगडच दिसत होता. मग दगडावर निळं काहीतरी चमकलं आणि विझलं.

“कधी दिसला?” तिने दुर्बीण न काढता विचारलं.

“तासभर झाला.”

“तासभर? आणि तुम्ही…”

“बोल्लो की आता.”

ते उठले. गुडघ्यांना वेळ लागला. चपला काढल्या, वाकले, आणि ताट पुढे धरून चालू लागले. ताटाचं टोक जराही हललं नाही. फास मानेत गेला. सरडा धडपडला. त्यांनी तो मुठीत घेतला, नातीकडे नेला आणि तिने चिमट्याने गळ्याची कातडी हळूच ओढून धरली.

निळा. दोऱ्याएवढा काळा. खाली गडद नारिंगी.

उसात पाण्याचा आवाज येत होता. प्रियदर्शनीने मोजलं, फोटो काढले, शेपटीचं टोक कापून बाटलीत घातलं. मग सरडा पुन्हा त्याच चौथ्या दगडावर ठेवला आणि खाली बसून रडली. गंगाराम तिच्या शेजारी बसले. म्हणाले, “मला वाटलं, न्हाय बोलावं. मग वाटलं, ह्यो दगूड कुणाचा हाय ते तरी बघावं.”

“कुणाचा आहे?” तिने विचारलं.

“आबाजीचा. माझ्या मेव्हण्याचा. त्येच्या उशाला बसून खोटं कसं ठेवू?”

बाटलीतल्या टोकाचा अहवाल जुलैत आला. तो आमच्या माळाशी जुळला. प्रियदर्शनीने उपप्रजातीचं प्रकरण काढून टाकलं. सबंध आढळाचा भाग पुन्हा लिहिला, त्याला आणखी आठ महिने गेले. पुण्यातली एक नोकरी त्यात हुकली, ती दुसऱ्या मुलीला मिळाली. नकाशात आमचा लाल ठिपका लालच राहिला, पण सांगवीच्या मसणवट्यावर दुसरा लाल ठिपका आला आणि दोन्हींच्या मध्ये तिने एक बाणाची रेघ काढली. खाली लिहिलं की हे सरडे मार्च एकोणीसशे नव्याण्णवमध्ये माणसाने हलवलेले आहेत, माहिती देणारी मालनबाई, हलवणारीही तीच. मालनबाई म्हणजे मी.

प्रबंधाची छापील प्रत घेऊन ती मार्चमध्ये घरी आली. ते पान तिने आजोबांना वाचून दाखवलं.

“म्हंजी माझं गेलं,” गंगाराम म्हणाले, “आन हिचं आलं. तेबी दोनदा.”

“मग काय करू? काढायला सांगू?” मी म्हणाले.

“ऱ्हाऊ दे. चुकीचं तरी न्हाय.” मग माझ्याकडे वळून, वर्षभरात पहिल्यांदा नीट बघून म्हणाले, “मालन, च्या ठेव. पोरीलाबी.”

प्रियदर्शनीने चहा घेतला. त्या एप्रिलात गंगाराम तिच्याबरोबर माळावर गेले नाहीत, छातीत दुखतं म्हणाले. ती एकटीच मोजायला गेली आणि संध्याकाळी त्यांना आकडा सांगत राहिली.

गंगाराम दोन हजार पंचवीस साली बावीस जूनला, रविवारी, सकाळी नऊच्या सुमारास बारामतीच्या दवाखान्यात वारले. वय अठ्ठ्याहत्तर होतं.